ओलं नेमकं काय होतं? ग्राफीनवरच्या पाण्याच्या विजेचं प्रकरण

‘नॅनो लेटर्स’ या नियतकालिकात २०११ साली एक निबंध आला. शीर्षकाचा मराठी अर्थ असा: ‘ग्राफीनवरून वाहणाऱ्या पाण्यापासून ऊर्जा मिळवणं’. ग्राफीन म्हणजे कार्बनचा अतिशय पातळ पदर. पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, त्याच नियतकालिकात दुसऱ्या एका गटाचा निबंध आला. शब्द तेच, क्रम तोच, फक्त शेवटी एक प्रश्नचिन्ह. शास्त्रीय वाङ्मयात भांडणं खूप होतात, पण बहुतेक वेळा ती तळटीपांतून आणि ‘आमच्या मते’ वगैरे शब्दांच्या आडून. इतकं उघड, एका चिन्हात मावणारं भांडण क्वचितच दिसतं.

आधी मागची गोष्ट, कारण २०११ चा दावा आभाळातून पडला नव्हता.

पाणी ढकललं की वीज दिसते, हे मुळात जुनं आहे. मातीच्या सच्छिद्र पडद्यातून पाणी दाबानं ढकललं की दोन्ही बाजूंमध्ये व्होल्टेज येतं, हे जर्मन शास्त्रज्ञ गेओर्ग क्विंक यांनी १८५९ मध्येच नोंदवलं होतं. तिथे होतं ते असं: छिद्राच्या भिंतीला एका जातीचा विद्युतभार चिकटलेला असतो, त्याच्या उलट जातीचे आयन जवळच्या पाण्यात जमतात आणि पाणी सरकलं की ते आयन बरोबर ओढले जातात. वीज वाहते ती पाण्यात. भिंत नुसती उभी असते.

कार्बनच्या बाबतीत नवी कल्पना होती ती याच्या उलट. भिंत स्वतः विजेची वाहक असेल तर? पाणी भिंतीला घासत जाताना भिंतीच्या आतल्या इलेक्ट्रॉनांनाच ढकलेल का? इस्राएलच्या वाइझमन संस्थेतल्या पेत्र क्राल आणि मोशे शापिरो यांनी २००१ मध्ये कागदावर मांडलं की कार्बन नॅनोट्यूबमध्ये, म्हणजे कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांमध्ये, असं घडू शकतं. आणि २००३ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शंकर घोष आणि अजय सूद यांनी, रामन संशोधन संस्थेतल्या एन. कुमार यांच्यासह, ते मोजल्याचं ‘सायन्स’मध्ये जाहीर केलं. नॅनोट्यूबच्या जुड्यांवरून द्रव वाहू दिला की प्रवाहाच्या दिशेत व्होल्टेज मिळत होतं. हेच सूद २०२२ मध्ये भारत सरकारचे प्रमुख वैज्ञानिक सल्लागार झाले.

बंगळुरूच्या निबंधातली एक गोष्ट पुढच्या गदारोळात मागे पडली. शीर्षकात ‘वीजनिर्मिती’ नव्हतं, ‘प्रवाहसंवेदक’ होतं. त्याला कारण होतं. व्होल्टेज वेगाच्या लॉगॅरिदमप्रमाणे वाढत होतं, आणि तेही वेग जवळजवळ दहा लाख पट बदलण्याच्या टप्प्यात. म्हणजे वेग दहापट केला की व्होल्टेजमध्ये एक ठरावीक पायरी वाढते, पुन्हा दहापट केला की तेवढीच आणखी एक. अगदी मंद प्रवाह ओळखायला हे उत्तम. वीज काढायला कामाचं नाही, कारण पाणी जोरात सोडून फारसं काही पदरात पडत नाही. शेवटी ऊर्जा रूपांतरणाचा उल्लेख त्यांनी केला आहे, पण पाय जमिनीवर ठेवून.

आता २०११. अमेरिकेतल्या रेन्सलर पॉलिटेक्निक संस्थेतले निखिल कोरटकर (आयआयटी मुंबईचे माजी विद्यार्थी), राइस विद्यापीठातले पुलिकल अजयन आणि त्यांचे सहकारी यांनी नॅनोट्यूबऐवजी ग्राफीन घेतलं. ग्राफीन म्हणजे पेन्सिलीतल्या ग्रॅफाइटचा अणूभर जाडीचा पदर; इथे असे थोडेच पदर एकावर एक होते. तुकडा होता साधारण ३० गुणिले १६ मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीपेक्षाही लहान. त्यावरून ०.६ मोलर हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळलेलं पाणी सेकंदाला सुमारे १ सेंटिमीटर वेगानं वाहवलं. मिळालेली शक्ती सुमारे ८५ नॅनोवॅट.

८५ नॅनोवॅट ऐकायला काहीच नाही. साध्या एलईडीला २० मिलिवॅट लागतात असं धरलं तर असे सव्वादोन लाखांहून जास्त तुकडे लागतील. पण निबंधाच्या सारांशात हा आकडा क्षेत्रफळानं भागून दिला होता: चौरस मीटरला सुमारे १७५ वॅट. तो वाचला आणि सगळ्यांच्या भुवया वर गेल्या. आजचं चांगलं सौर पॅनल भर दुपारी चौरस मीटरला साधारण २०० वॅट देतं. इथे ऊन नाही, टर्बाइन नाही, धरण नाही; कार्बनचा एक अदृश्य लेप आणि गोगलगायीच्या चालीनं सरकणारं पाणी. कारण म्हणून संगणकावरचं अणूंचं गणित जोडलेलं होतं: क्लोराइड आयन ग्राफीनच्या पृष्ठभागावर चिकटतात, प्रवाहाबरोबर त्यावरून सरकतात आणि आपल्यामागे कार्बनमधल्या विद्युतभाराला ओढतात.

हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा पेन हातात घेतलं. पुढचा हिशेब माझा आहे, कुठल्या निबंधातला नाही, पण बारावीचं भौतिकशास्त्र शिकलेल्या कुणालाही तो करता येईल.

सेकंदाला १ सेंटिमीटर वेगानं जाणाऱ्या एक घनमीटर पाण्यात गतिज ऊर्जा किती? अर्धा गुणिले १००० किलो गुणिले ०.०१ चा वर्ग, म्हणजे ०.०५ ज्यूल. म्हणजे १७५ वॅट हव्या असतील तर दर सेकंदाला ३,५०० घनमीटर पाणी पूर्ण थांबवावं लागेल. दहा हजार लिटरचे साडेतीनशे टँकर, प्रत्येक सेकंदाला, एक चौरस मीटरच्या पट्टीसाठी.

कुणी म्हणेल, हा हिशेब अन्यायाचा आहे. पाणी पंपानं ढकललेलं असतं, गतिज ऊर्जा संपली तरी पंप भरून देतो. बरोबर. मग दुसऱ्या बाजूनं मांडू. पाणी भिंतीला जी ऊर्जा देतं ती भिंतीवरच्या घासणाऱ्या दाबाला वेगानं गुणून मिळते. १७५ ला ०.०१ नं भागलं की लागणारा घासणारा दाब १७,५०० पास्कल येतो. हा झाला पावणेदोन मीटर उंच पाण्याच्या स्तंभाइतका दाब, तोही पृष्ठभागाला समांतर, लेप खरवडून काढायच्या बेतानं. असल्या मंद प्रवाहात पाण्याच्या चिकटपणामुळे भिंतीवर येणारी ओढ १ पास्कलच्या घरातही मुश्किलीनं जाते. तफावत हजारो पटींची, बहुधा त्याहून कितीतरी जास्त.

जमाखर्चाच्या वहीत असं दिसलं की मुनीम एकच गोष्ट म्हणतो: पैसे दुसऱ्या कुठल्या तरी खिशातून आले आहेत. ८५ नॅनोवॅट मोजणाऱ्यांनी खोटं मोजलं असं यातून निघत नाही. मीटरवर जे दिसलं ते दिसलंच असणार. ते वाहण्यातून आलं, हे मात्र पटत नाही.

मग तो दुसरा खिसा कोणता? ते चीनमधल्या नानजिंगच्या वैमानिकी व अंतराळशास्त्र विद्यापीठातल्या गुओ वानलिन यांच्या गटानं दाखवलं, आणि त्यासाठी त्यांनी जे केलं ते अगदी साधं होतं. ग्राफीनमधली वीज मोजायची तर दोन्ही टोकांना धातूचे इलेक्ट्रोड लावावेच लागतात. आधीच्या प्रयोगात ते इलेक्ट्रोडही त्याच आम्लाच्या पाण्यात बुडालेले होते. गुओंच्या गटानं इलेक्ट्रोड झाकले. पाणी फक्त ग्राफीनला लागेल, धातूला लागणार नाही, अशी व्यवस्था केली. ग्राफीनचे तुकडेही मोठे घेतले, सुमारे १ गुणिले दीड सेंटिमीटरचे. एकपदरी, दुपदरी, तिपदरी. द्रावण तेच.

व्होल्टेज मिळालं नाही. मोजता येईल इतकंही नाही.

इथे थांबले असते तर प्रकरण ‘आम्हाला जमलं नाही’ एवढ्यावर राहिलं असतं, आणि त्याला उत्तर सोपं होतं: तुमचा तुकडा वेगळा, तुमचं ग्राफीन वेगळं, कडेचे दोष वेगळे. क्षेत्रफळच तीन लाख पट! पण त्यांनी पुढची पायरी घेतली. झाकण काढलं, इलेक्ट्रोड पुन्हा पाण्यात उघडे ठेवले. व्होल्टेज परत आलं, काही मिलिव्होल्टपासून शंभराच्या वर मिलिव्होल्टपर्यंत. आधीच्या गटाच्या सुमारे २० मिलिव्होल्टच्या तोडीचं आणि त्याच्याही पुढचं. या मांडणीत ग्राफीनची भूमिका काय, तर दोन इलेक्ट्रोडमध्ये जोडलेला एक रोध. वीज बनवणारा नव्हे, वीज खाणारा.

निबंधाचं सगळं वजन त्या परत आलेल्या व्होल्टेजमध्ये आहे. एखादी गोष्ट बंद करून दाखवणं कुणालाही जमतं. बंद करून परत सुरू करून दाखवली की कळ कुठे आहे ते कळतं. क्लोराइड सरकतं या आधीच्या गणिताविरुद्ध त्यांनी आपलंही गणित मांडलं, की आम्लातले हायड्रोनियम आयन ग्राफीनला इतके घट्ट सहसंयुज बंधानं चिकटतात की प्रवाहाबरोबर सरकतच नाहीत. खरं सांगायचं तर हा भाग मला कमी पटवतो. दोन्ही बाजूंची गणितं आपापल्या बाजूचा निष्कर्ष देत होती. झाकलेला इलेक्ट्रोड मात्र कुणाची बाजू घेत नाही.

आता वाचकाच्या मनात येणारा प्रश्न. दोन्ही इलेक्ट्रोड एकाच धातूचे असतील तर व्होल्टेज कसं येईल? लिंबाच्या सेलमध्ये तांबं आणि जस्त असे दोन वेगळे धातू लागतात, हे आपण शाळेत शिकलो. पण धातू पाण्यात बुडाला की त्याचा विभव (म्हणजे विद्युतपातळी) फक्त धातूवर ठरत नाही. त्याच्या अंगाला लागून असलेल्या पाण्याच्या पातळ थरात काय आहे, आयन किती, विरघळलेला ऑक्सिजन किती, पृष्ठभागावर गंज वा घाण किती, यावरही तो ठरतो. प्रवाह सुरू झाला की आधी लागणाऱ्या टोकाशी हा थर एका तऱ्हेनं खरवडला जातो, पुढच्या टोकाशी दुसऱ्या तऱ्हेनं. दोन टोकं सारखी राहत नाहीत, आणि जिथे सारखेपणा गेला तिथे व्होल्टेज आलं.

वर्गात मी हे असं दाखवतो. प्लास्टिकची पारदर्शक फूटपट्टी पॉलिश पेपरनं खरबरीत करायची, त्यावर ८बी पेन्सिलीनं काळी कुळकुळीत पट्टी ओढायची. ग्रॅफाइट प्लास्टिकवर छान धरतं. कागद घेतला तर तो पाणी शोषून टोकापर्यंत नेतो आणि प्रयोग फसतो. दोन्ही टोकांना मल्टिमीटरच्या क्लिप, मीटर २०० मिलिव्होल्टच्या टप्प्यावर. ड्रॉपरनं मिठाच्या पाण्याचा थेंब पट्टीच्या मध्यावर सोडायचा आणि फूटपट्टी तिरपी करून तो इकडेतिकडे फिरवायचा. मीटर शून्याच्या आसपास रेंगाळतो. मग थेंब मुद्दाम एका क्लिपपर्यंत जाऊ द्यायचा. आकडा उडी मारतो. दोन्ही क्लिप भिजल्या आणि वरून पाणी ओतत राहिलं की आकडा नुसता नाचतो, आणि मुलं टाळ्या वाजवतात. तो आकडा मी इथे देत नाही, कारण दर वेळी वेगळा येतो: क्लिप नवी की गंजलेली, मीठ किती, मागच्या तासाला कुणी ती कुठे बुडवली होती. मग क्लिपच्या जबड्याभोवती नेलपॉलिशचा जाड थर लावून वाळवायचा आणि तेच पाणी तसंच ओतायचं. नाच थांबतो.

एकदा एका मुलानं विचारलं, ‘सर, पाणी उलट्या दिशेनं ओतलं आणि चिन्ह उलटलं, तर सिद्ध नाही का होत की वाहण्यामुळेच वीज आली?’ प्रश्न हुशारीचा होता. अशा प्रयोगांत प्रवाह उलटवून व्होल्टेजचं चिन्ह उलटतं का, हे पाहायचा मोह सगळ्यांनाच होतो. पण प्रवाह उलटला की आधी भिजणारं टोकही बदलतं! इलेक्ट्रोडचा परिणाम असेल तरी चिन्ह उलटेल. वेगाबरोबर व्होल्टेज वाढणं, मिठाच्या प्रमाणाबरोबर बदलणं, याचंही तसंच. या कसोट्या दोन्ही स्पष्टीकरणांना सारख्याच लागू पडतात, म्हणून त्यांवर निवाडा होत नाही. निवाडा करणारी कसोटी एकच होती: धातू कोरडा ठेवा.

यात २०११ च्या गटाला मूर्खात काढण्यासारखं काही नाही. ३० मायक्रोमीटरच्या तुकड्यावर इलेक्ट्रोड झाकून तुकडा मात्र उघडा ठेवणं ही सूक्ष्मदर्शकाखालची कसरत आहे. शिवाय नॅनोट्यूबवरचं काम आठ वर्षं छापून येत होतं, क्षेत्रात एक वाट पडलेली होती, आणि पडलेल्या वाटेवर माणूस खाली बघून चालत नाही. माझी तक्रार आहे ती चौरस मीटरच्या आकड्याबद्दल. जिथे मोजमाप केसाएवढ्या तुकड्यावर झालं आणि इलेक्ट्रोडचं क्षेत्रफळ हिशेबात नाही, तिथे भागाकार करून मोठा आकडा काढणं म्हणजे दाराच्या फटीतून आलेल्या वाऱ्यावरून वादळाचा वेग सांगणं. परीक्षकांपैकी कुणी तो आकडा वेगानं भागून पाहिला असता तर प्रश्नचिन्ह वर्षभर आधीच लागलं असतं.

प्रकरण इथे मिटलं असं वाटतं. मला सगळ्यात आवडतो तो भाग याच्या पुढचा.

प्रश्नचिन्ह लावणाऱ्या गुओंच्याच गटानं २०१४ मध्ये ‘नेचर नॅनोटेक्नॉलॉजी’त ग्राफीन आणि पाण्यापासून वीज मिळाल्याचं जाहीर केलं. स्वतःचंच खोडलं का? नाही. मांडणी बदलली. ग्राफीनची लांब पट्टी, एकाच पदराची, पाण्यात बुडवलेली नाही. तिच्यावरून समुद्राच्या किंवा मिठाच्या पाण्याचा एक थेंब सरकवायचा. थेंब चालताना त्याच्या पुढच्या कडेला कोरडं ग्राफीन ओलं होतं, मागच्या कडेला ओलं ग्राफीन कोरडं होतं. पुढे आयन येऊन बसतात आणि कार्बनमध्ये विद्युतभार जमतो. मागे आयन उठून जातात आणि तो विद्युतभार मोकळा होतो. चालता-चालता पुढून चार्ज आणि मागून डिस्चार्ज होणारा संधारित्रच (कपॅसिटर). व्होल्टेज थेंबाच्या वेगाच्या आणि थेंबांच्या संख्येच्या प्रमाणात येतं. ग्राफीनचे पदर वाढवले की ते झपाट्यानं घटतं.

या दोन निबंधांमधला धागा पाहा. २०१२ मध्ये ते म्हणाले, पूर्ण बुडालेल्या ग्राफीनवर सगळीकडे सारखंच ओलं आहे, तिथे पाणी नुसतं सरकून काही होत नाही. २०१४ मध्ये त्यांनी ओल्या-कोरड्याची सीमाच हलवली. आधीचं ‘नाही’ नसतं तर हे ‘हो’ सुचलं असतं का, मला शंका आहे. त्याच वर्षी त्यांनी ग्राफीनची पट्टी खाऱ्या पाण्यात खाली-वर करून, लाटेसारखी, तशीच वीज मिळवून दाखवली. तिथेही सीमा हलते.

माझ्या फूटपट्टीवरच्या थेंबानं काही का दिलं नाही, तेही यातून कळतं: पेन्सिलीच्या पट्टीत ग्रॅफाइटचे पदर हजारोंनी असतात.

२०१७ मध्ये वूहान आणि नानजिंग इथल्या गटांनी आणखी एक वाट काढली: काजळी. ज्योतीतून धरलेल्या काजळीचा सच्छिद्र लेप काचेवर, खालचं टोक पाण्यात. पाणी केशाकर्षणानं लेपात वर चढतं, वर वाफ होऊन उडतं, आणि खालून आणखी येत राहतं. काही सेंटिमीटरच्या लेपावर १ व्होल्टपर्यंत, तासन् तास टिकणारं व्होल्टेज मिळालं. बाष्पीभवन थांबवलं की ते पडतं.

इथे मी पुन्हा तीच वही उघडतो. ऊर्जा कुठून? एक ग्रॅम पाण्याची वाफ व्हायला सुमारे २,४०० ज्यूल लागतात आणि ती उष्णता आजूबाजूची हवा देते. मिळणारी वीज त्यापुढे चिमूटभर. जमाखर्च जुळतो, कुणाच्या खिशात हात घालावा लागत नाही. दुसरा प्रश्न: ओलं काय आहे? या रचनेत खालचा इलेक्ट्रोड ओला आणि वरचा कोरडा असतो, म्हणजे २०१२ चा संशय पुन्हा दारात उभा. म्हणूनच इथे धातूऐवजी कार्बन नॅनोट्यूबचेच इलेक्ट्रोड वापरलेले दिसतात तेव्हा बरं वाटतं. आणि वीज आली ती क्विंक यांच्या जुन्या पद्धतीनं, म्हणजे छिद्रांतून ओढल्या जाणाऱ्या आयनांमुळे, की कार्बनच्या आतल्या इलेक्ट्रॉनांमुळे? सच्छिद्र काजळीत पहिलंच बरंचसं असणार, असं मला वाटतं.

इलेक्ट्रॉन खरोखर ओढले जातात का, हा २००१ चा मूळ प्रश्न मात्र राहिलाच होता. २०२३ मध्ये पॅरिसच्या एकोल नोर्माल सुपेरिअरमधल्या गटानं तो नीट धरला. अनेक पदरांच्या ग्राफीनवर मायक्रोमीटरच्या मापाचा द्रवाचा थेंब ठेवून तो वर-वर पुढे-मागे हलवायचा आणि ग्राफीनमधून जाणारी धारा मोजायची. इलेक्ट्रोड दूर, थेंब त्यांना शिवत नाही. धारा मिळाली, आणि कार्बनवरच्या पाण्यासाठी आधी नोंदवलेल्या धारांपेक्षा कितीतरी पट मोठी. स्पष्टीकरण असं, की द्रव ग्राफीनच्या अणूंना थरथरवतो आणि ती थरथर इलेक्ट्रॉनांना वाऱ्यासारखी ढकलते.

तो निबंध हातात आला तेव्हा मी आकडे नंतर पाहिले. आधी आकृती उघडली आणि इलेक्ट्रोड कोरडे आहेत ना, ते बघितलं.